‘श्रद्धाळू माणसं जास्त सुखी असतात’ हे कितपत खरं?

प्रश्न विचारणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या आहेत आणि देव मानत नाहीत. त्यांच्या आई ७२ वर्षांच्या. वीसेक वर्षं त्या मंगळवारच्या भजनी मंडळात होत्या. मग गुडघ्यांनी दगा दिला, वर्षभर मंडळात जाणं बंद झालं आणि तेव्हापासून आई गप्प असतात. अशात बाईंच्या वाचनात आलं की धार्मिक माणसं जास्त सुखी आणि निरोगी असतात, हे म्हणे संशोधनानं सिद्ध झालंय. त्या विचारतात : हे खरं का? खरं असेल तर देव न मानून मी माझंच नुकसान करून घेतेय का? आणि नऊ वर्षांच्या मुलीला, माझा विश्वास नसला तरी, तिच्या भल्यासाठी काहीतरी ‘लावावं’ का?

गेली बावीस-तेवीस वर्षं मी सर्वेक्षणांच्या कामात आहे. प्रश्नावल्या तयार करायच्या, गावोगाव फिरून भरून घ्यायच्या, मग आलेल्या आकड्यांशी झटापट करायची. त्यातलं बरंचसं काम श्रद्धा आणि मनःस्वास्थ्य याच विषयावरचं. घरी देव आहेत, पूजा बायको करते, मी आरतीला उभा राहतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या विषयावर बोलणारा कुठल्या बाजूचा, हे ऐकणाऱ्याला आधी हवं असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : संबंध आहे, पण बारीक आहे. किती बारीक, ते सांगतो. २०२२च्या सुमारास एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध झाला. सुझान होखेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ देशांतल्या १०,५३५ लोकांची माहिती गोळा केली, भारतही त्यात होता. नेहमी संशोधक स्वतःच आकडेमोड करतात आणि निष्कर्ष छापतात. इथे त्यांनी तीच माहिती १२० वेगवेगळ्या गटांच्या हातात दिली आणि सांगितलं, तुम्हाला योग्य वाटेल त्या पद्धतीनं तपासा. त्या गटांत श्रद्धाळू होते, नास्तिक होते, सगळ्या तऱ्हेचे लोक होते. १२० पैकी फक्त तीन गट सोडून बाकी सगळ्यांना धार्मिकता आणि स्वास्थ्य यांच्यात थोडा का होईना, पण अनुकूल संबंध दिसला. या विषयात इतकं एकमत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मात्र त्या संबंधाचा आकार, सगळ्या गटांच्या उत्तरांतलं मधलं उत्तर धरलं तर, ०.१२. आमच्या भाषेत शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पक्का संबंध.

०.१२ म्हणजे काय? दोन अनोळखी माणसं समोर उभी करा. त्यातलं जास्त धार्मिक कोण एवढंच तुम्हाला सांगितलं आणि ‘हाच जास्त सुखी’ अशी पैज तुम्ही लावलीत, तर शंभरात साधारण ५४ वेळा जिंकाल. नाणं उडवून पैज लावलीत तर ५० वेळा. फरक आहे तो एवढा. आणि एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांऐवजी त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा गाठणारे अभ्यास घेतले, तर तो आणखी आक्रसतो. अशा ४८ अभ्यासांची एकत्र मोजणी २०२१ साली झाली, तिथे तो ०.०८ भरला. ‘संशोधनानं सिद्ध’ या दोन शब्दांच्या मागे एवढंसं बळ आहे. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ०.०८ मावत नाही, म्हणून ‘धार्मिक माणसं सुखी’ छापून येतं.

बारीक असला तरी संबंध खरा आहे, तर तो येतो कुठून? माझ्या मते सगळी गोम इथे आहे, आणि तुमच्या आईंचं उत्तरही.

प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०१९ साली अनेक देशांतली आकडेवारी मांडली. अमेरिकेपुरतं बोलायचं तर, नियमित चर्चला जाणाऱ्यांपैकी ३६ टक्के लोक ‘मी खूप सुखी आहे’ म्हणाले. कुठल्याच धर्माचे नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के. इथवर बातमी झाली. पण मधे तिसरा गट होता : धर्म सांगणारे, पण प्रार्थनेला फारसे न जाणारे. त्यांचं प्रमाण किती? तेही २५ टक्के. म्हणजे धर्माची पाटी लावून घरी बसणारा आणि धर्मच नसणारा, दोघं एकाच ओळीत.

याच्या नऊ वर्षं आधी चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांनी हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला होता. त्यांनी २००६ साली अमेरिकेतल्या तीन हजारांवर लोकांना प्रश्न विचारले आणि पुढच्या वर्षी त्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा गाठलं. एक साधा प्रश्न त्यांनी जास्तीचा घातला होता : तुमच्या चर्चमध्ये तुमचे जवळचे मित्र किती? दर आठवड्याला जाणारे आणि तिथे तीन ते पाच जवळचे मित्र असलेले, यांच्यात ३३ टक्के लोक आयुष्याबद्दल ‘अतिशय समाधानी’ निघाले. दर आठवड्याला जाणारे, पण तिथे एकही जवळचा मित्र नसलेले : १९ टक्के. आणि कधीच न जाणारे? तेही १९ टक्के! वर्षातून दोन-चारदाच जाणारे, पण मित्र असलेले, २३ टक्क्यांवर. एकट्यानं केलेली प्रार्थना, देव आपल्यावर प्रेम करतो ही भावना, या गोष्टी हजेरी आणि मैत्री मोजून झाल्यावर वेगळं असं फारसं काही देत नव्हत्या.

एक खोच मात्र लक्षात ठेवा. हे मित्र त्याच मंडळीतले असावे लागतात, आणि ‘आपण या मंडळीतले’ ही ओळख मनाला चिकटलेली असावी लागते. दुसरीकडचे तितकेच मित्र तेवढं काम करत नाहीत. म्हणून ‘मैत्रीच तर आहे, धर्माचा काय संबंध’ असं म्हणून हात झटकणंही बरोबर नाही.

आता हे सगळं अमेरिकेतलं. तिथे ‘चर्चला किती वेळा जाता’ हा प्रश्न विचारता येतो. (तिथेही लोक थाप मारतात म्हणा. १९९३ साली ओहायोतल्या एका परगण्यात संशोधकांनी प्रत्यक्ष डोकी मोजली, तर लोकांनी सांगितलेल्या हजेरीच्या जेमतेम निम्मी भरली.) आपल्याकडे प्रश्न विचारतानाच पंचाईत होते. हिंदू घरात देव देवघरात असतो. देवळात रोज जाणारा आणि वर्षातून एकदा जेजुरीला जाणारा यांच्यात जास्त धार्मिक कोण? हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात प्रश्नावलीची चाचणी घेत होतो. ओसरीवर सत्तरीचे आजोबा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. विचारलं, “तुम्ही स्वतःला धार्मिक समजता का?” आजोबा हसले. “आपण कुठले धार्मिक? धार्मिक म्हंजे महाराज लोक. आपलं माळकरी.” माझ्या सोबतच्या मुलीनं नियमाप्रमाणे ‘धार्मिक नाही’ वर खूण केली. त्याच महिन्यात पुण्यात एक संगणक अभियंता भेटला. दहा दिवसांचा गणपती, सोवळं नेसून स्थापना, गुरुवारचा उपास. उत्तर : “नाही, मी काही धार्मिक नाही. घरचं आहे म्हणून करतो.” तोही त्याच रकान्यात गेला. तुमच्यासारखी विचारपूर्वक देव नाकारणारी व्यक्तीही तिथेच जाणार. आता या तिघांच्या सुखाची सरासरी काढून ‘निधर्मी माणसं अशी असतात’ म्हणायचं. आम्ही हे करतो, आणि छापूनही आणतो.

भारतात नास्तिक किती, याचंच घ्या. २०११च्या जनगणनेत स्वतःहून नास्तिक अशी नोंद करणारे देशभरात सुमारे ३३ हजार, त्यातले साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रातले. पुढच्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय पाहणीत भारतातले ३ टक्के लोक ‘पक्के नास्तिक’ निघाले, म्हणजे हिशेबानं साडेतीन कोटींहून जास्त. आणि प्यूच्या २०१९-२०च्या पाहणीत, जवळजवळ ३० हजार लोकांना विचारल्यावर, ९७ टक्के म्हणाले आम्ही देव मानतो. माणसं तीच. प्रश्न कुणी विचारला, कुठल्या शब्दांत आणि कुणासमोर, यावर उत्तर हलतं. ‘कुणासमोर’ हे तर विसरूच नका. आमच्या मुलाखती कधीच एकांतात होत नाहीत. सून उत्तरं देत असते, सासूबाई दाराशी निवडायला तांदूळ घेऊन बसलेल्या असतात.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे सुखाच्या बाजूचा, शब्द त्याहून अवघड. इंग्रजीतून आलेली जी प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्यात आयुष्याबद्दल ‘तुम्ही किती समाधानी आहात’ असं विचारलेलं असतं. मराठीत समाधान ‘असतं’ त्यापेक्षा ते ‘मानायचं’ असतं. “समाधान मानलं की झालं,” हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि ते हमखास त्या घरांतून येतं जिथे समाधान मानण्यासारखं थोडंच असतं. ज्या घरात रोज हरिपाठ होतो, तिथे ‘मी असमाधानी आहे’ म्हणणं जवळपास पाप. मग धार्मिक घरांतले समाधानाचे आकडे चढलेले दिसले, तर त्यातलं किती मनातलं आणि किती वळणाचं?

यावर उपाय म्हणून काही जणांनी अध्यात्म मोजणाऱ्या प्रश्नावल्या काढल्या. त्यात प्रश्न काय, तर ‘तुमच्या मनाला शांती आहे का’, ‘जगण्याला अर्थ वाटतो का’. ज्याच्या मनाला शांती तो आध्यात्मिक, आणि मग निष्कर्ष असा की आध्यात्मिक माणसांच्या मनाला शांती असते! हॅरॉल्ड केनिग हे स्वतः धर्म आणि आरोग्य या विषयाचे मोठे पुरस्कर्ते, पण २००८ साली त्यांनीच या घोळावर बोट ठेवलं. ‘अध्यात्मामुळे अमुक टक्के तणाव कमी’ असं काही वाचलंत, तर मोजायला प्रश्न कुठले घेतले होते ते आधी बघा.

तर मग आपल्या मातीत झालेलं काही चांगलं काम आहे का? आहे. २०११ साली अलाहाबादच्या माघ मेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून एक अभ्यास केला. महिनाभर नदीकाठी राहुटीत राहणारे ४१६ कल्पवासी, आणि तुलनेला तशाच पार्श्वभूमीचे, पण मेळ्याला न गेलेले १२७ लोक. मेळ्याआधी महिनाभर आणि नंतर महिनाभरानं, अशी दोनदा चौकशी. कल्पवासी बहुतेक वयस्क. माघातली थंडी, पहाटे गंगेत स्नान, रात्रंदिवस ध्वनिक्षेपकांचा गोंगाट, गर्दी, धूळ. डॉक्टरला विचाराल तर तो म्हणेल, म्हाताऱ्या माणसांना तिथे पाठवू नका. तरी परत आल्यावर न गेलेल्यांच्या तुलनेत त्यांचं स्वास्थ्य, त्यांच्याच सांगण्यानुसार, वाढलेलं होतं.

याच मंडळींच्या आणखी एका प्रयोगाची गंमत सांगतो. एकाच गोंगाटाची ध्वनिफीत दोन गटांना ऐकवली. एका गटाला सांगितलं हा मेळ्यातला आवाज, दुसऱ्याला सांगितलं शहरातल्या वर्दळीच्या रस्त्यावरचा. मेळ्यातला समजून ऐकणाऱ्यांनी तो जास्त वेळ ऐकला आणि त्यांना तो कमी टोचला. तुमच्या आईंना शेजारच्या लग्नातला बँड सहन होत नसेल आणि मंडळातले बारा टाळ होत असतील, तर त्यात नवल नाही.

दुसरा अभ्यास आपल्या लोकांवरचाच आहे, फक्त समुद्रापार. एकोणिसाव्या शतकात करारावर मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज मॉरिशसमध्ये आहेत. त्या बेटावरच्या ला गॉलेट या कोळ्यांच्या गावात मार्टिन लँग, दिमित्रिस झिगालातास आणि सहकाऱ्यांनी ७५ मराठी स्त्रियांवर एक प्रयोग केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आधी ताण दिला : पूर किंवा वादळ आलं तर काय खबरदारी घ्याल ते लिहून काढा, तज्ज्ञ तपासणार आहेत. मग ४३ जणींना गावातल्या देवळात पाठवलं. तिथे त्यांनी नेहमीसारखी उदबत्ती ओवाळली, हात जोडले. उरलेल्या ३२ जणी एका खोलीत नुसत्या शांत बसल्या. छातीला लावलेल्या यंत्रावर हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर मोजलं जात होतं. ते जितकं लवचिक तितकं शरीर सैल पडतंय असं समजतात. देवळात गेलेल्या बायकांचं शरीर जास्त सैल पडलं, आणि काळजी कमी झाल्याचं त्यांनी स्वतःही सांगितलं.

मला हा अभ्यास आवडतो, कारण इथे ‘तुम्ही समाधानी आहात का’ असं विचारून भागवलेलं नाही. पण त्यातली फटही दिसते. एक गट ओळखीच्या देवळात, दुसरा परक्या खोलीत. फरक उदबत्तीचा की जागेचा? त्याच त्या सवयीच्या, ठरलेल्या क्रमानं होणाऱ्या हालचालींनी मन शांत होतं, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. आंघोळीनंतर देवासमोर दिवा लावणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहिलंय का कधी? काडी, वात, घंटा, नमस्कार. तेवढा वेळ हाताला पुढचं काय ते माहीत असतं. आजारपण, कर्ज, मुलाची नोकरी, यातलं बाकी काहीच तसं ठरलेलं नसतं.

प्रार्थनेनं रोग बरा होतो का, हा वेगळा प्रश्न. त्याचा निकाल लवकर सांगता येतो. हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा काहीही फायदा दिसला नाही. उलट ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के, आणि ज्यांना नक्की माहीत नव्हतं त्यांच्यात ५१-५२. बहुधा बिचाऱ्यांना वाटलं असावं, आपली अवस्था इतकी वाईट आहे की काय!

आता आईंच्या गुडघ्यांकडे येतो, कारण आमच्या शास्त्रातली सगळ्यात मोठी चूक त्या गुडघ्यांत आहे. समजा आज आमच्या सर्वेक्षणातली मुलगी प्रश्नावली घेऊन तुमच्या घरी आली. ‘भजन-कीर्तनाला जाता का?’ ‘नाही.’ ‘किती समाधानी?’ ‘फार नाही.’ कागदावर काय उमटलं? भजनाला न जाणारी बाई असमाधानी. असे हजार कागद जमले की निष्कर्ष तयार. प्रत्यक्षात गुडघ्यांनी भजनही थांबवलं आणि सुखही हिरावलं. चालता-फिरता माणूसच देवळापर्यंत पोहोचतो, तेव्हा देवळात मोजलेली माणसं मुळातच धडधाकट असतात. मनाचंही तसंच. लहानपणी चर्चला जाणाऱ्या ज्या मुलींना अठराच्या आत नैराश्य आलं, त्यांचं जाणं मोठेपणी थांबण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं, असं अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात २०१२ साली दिसलं. तिथे आधी मन खचलं आणि मग हजेरी सुटली.

म्हणून मी मानतो ते टायलर व्हँडरवील यांच्या कामाला. अमेरिकेतल्या ८९,७०८ परिचारिका, १९९६ ते २०१० असा काळ. आधीची तब्येत, आधीचं नैराश्य हे सगळं हिशेबात धरून त्यांनी पाहिलं, तर आठवड्याला एकदा तरी प्रार्थनेला जाणाऱ्यांत आत्महत्येचं प्रमाण न जाणाऱ्यांच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं होतं. फार मोठा फरक. पण एकूण आत्महत्या होत्या ३६, आणि त्या परिचारिका बहुतेक गोऱ्या, ख्रिस्ती, नोकरी करणाऱ्या बायका. हा निष्कर्ष उचलून इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला लावायची हिंमत मी करणार नाही. आणि आत्महत्येचे आकडे कसे नोंदले जातात हा प्रश्न या विषयाच्या जन्मापासून आहे. १८९७ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमनं मांडलं की कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत आत्महत्या जास्त, कारण कॅथलिकांचं समाजजीवन घट्ट. शंभर वर्षांनी हॉलंडमधली जुनी दप्तरं तपासली, तर कॅथलिकांचे कित्येक मृत्यू ‘अचानक’ किंवा ‘कारण अस्पष्ट’ म्हणून नोंदलेले निघाले. ते धरल्यावर फरक उरलाच नाही. आपल्याकडे पंचनाम्यात ‘पाय घसरून विहिरीत पडली’ असं का लिहितात, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरा प्रश्न, तुमच्या नास्तिकपणाचा. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १५४ देशांतल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांची आकडेवारी २०११ साली तपासली. जिथे भूक, असुरक्षितता, कमी आयुर्मान, तिथे धार्मिक माणसं जास्त आणि ती अधार्मिकांपेक्षा सुखीही. जिथे पेन्शन, दवाखाना, शाळा यांची ददात नाही, तिथे दोघं सारखेच सुखी. फिनलंड २०१८पासून सुखाच्या जागतिक यादीत सतत पहिला आहे, आणि तिथली चर्चं रविवारी बहुतांशी रिकामी असतात. दुसऱ्या एका अभ्यासात जोडीदार शोधणाऱ्या संकेतस्थळावर नोंदणी केलेले, ११ युरोपीय देशांतले पावणेदोन लाखांहून जास्त लोक होते. (माहिती कुठून मिळवतील सांगता येत नाही!) जो देश जितका धार्मिक, तितका धार्मिक माणसाला मानसिक लाभ जास्त. स्वीडनसारख्या ठिकाणी जवळजवळ नाहीच. याचा सरळ अर्थ मी असा लावतो की त्या ०.१२ मधला एक भाग चारचौघांसारखं असण्याचा भत्ता आहे. तो चारचौघांना मिळतो, आणि भरतं कोण? हळदीकुंकवाला ज्या बाईला वेगळं पाडलं जातं ती. ‘तुमच्याकडे गणपती नाही?’ या प्रश्नाला दर भाद्रपदात उत्तर देणारी.

तुमच्यासारख्यांबद्दल थेट काम थोडं आहे, पण चांगलं आहे. ल्यूक गॅलन यांनी मिशिगनमधल्या एका चर्चचे सभासद आणि त्याच भागातल्या एका निधर्मी संघटनेचे सभासद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पक्के श्रद्धाळू आणि पक्के नास्तिक दोघंही बऱ्यापैकी स्वस्थ निघाले. मधे लोंबकळणारे जास्त अस्वस्थ. नेहमीच्या सर्वेक्षणात हे लोंबकळणारे आणि पक्के नास्तिक ‘अधार्मिक’ म्हणून एकाच पोत्यात भरतात, आणि मग ते पोतं हलकं भरतं. तुम्ही विचार करून, ठामपणे देव सोडला असेल, तर त्या सोडण्यानं तुमचं नुकसान होतंय असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही.

संगत सुटली असेल तर मात्र आहे. लंडनमध्ये २०१३ साली ‘संडे असेंब्ली’ सुरू झाली. देव नाही, पण रविवारी जमायचं, गाणी म्हणायची, भाषण ऐकायचं, चहा प्यायचा. तिथे येणाऱ्यांचं स्वास्थ्य सहा महिन्यांत वाढलेलं दिसलं, आणि त्यात गप्पा-गोष्टींचा, छोट्या गटांत भेटण्याचा वाटा मोठा होता. आपल्याकडच्या धर्मचिकित्सकांना हे फार आधी उमगलं होतं असं मला नेहमी वाटतं. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्नही लावलं. भट काढला, पण मांडव राहू दिला. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात जुना धर्म टाकला, तो एकट्यानं नाही, लाखोंच्या सोबतीनं, आणि त्याच दिवशी त्यांना नवा धम्म दिला. १९८९पासूनच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखांच्या बैठकी मी पाहिल्यात. विषय संपल्यावर अर्धा तास जे चालतं, कुणाच्या मुलाची फी, कुणाचं ऑपरेशन, ते मंगळवारच्या मंडळासारखंच असतं. तुमच्या पत्रात अशी एकही जागा दिसली नाही, म्हणून बोललो.

श्रद्धेची उलटी बाजूही मोजलेली आहे. केनेथ पार्गमेंट यांनी पंचावन्न वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. ‘देवानं मला टाकलं का’, ‘देवाचं माझ्यावर प्रेम आहे का’ अशा शंकेनं पोखरलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. मराठवाड्यात एका बाईंची मुलाखत घेतली होती. मूल गेलं होतं. नवस फेडायला उशीर केला म्हणून गेलं, असं तिला घरच्यांनी सांगितलं होतं, आणि सहा वर्षांनीही ती तेच बोलत होती. प्रश्नावलीत तिनं ‘देवावर श्रद्धा’ पाचपैकी पाच दिले. आणि मंडळ, दिंडी, पंगत यांनी सुख मिळतं म्हणताना, तिथे कुणाला कुठे बसू दिलं जातं हेही मोजायला हवं. जातीजातीच्या दिंड्या वेगळ्या चालतात हे इरावती कर्व्यांनी वारीत चालताना टिपलं होतं. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली, तरी आमच्या प्रश्नावल्यांत तो रकाना अजून नाही.

तिसरा प्रश्न, मुलीचा. २०१५ साली सहा देशांतल्या १,१७० मुलांवरचा एक अभ्यास गाजला : धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात. निधर्मी मंडळी खूश झाली, जगभर बातम्या आल्या. मग लक्षात आलं की मोजणीत देशांना दिलेले नुसते क्रमांक, अमेरिका १, कॅनडा २ वगैरे, हे चुकून खऱ्या संख्या म्हणून वापरले गेले होते. म्हणजे पिनकोडची सरासरी काढावी तसं. चूक सुधारल्यावर निष्कर्ष कोसळला आणि २०१९ साली तो लेख मागे घेतला गेला. दुसऱ्या बाजूला, लहानपणी दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारी अमेरिकी मुलं तरुणपणी थोडी जास्त सुखी असतात असं २०१८चा एक अभ्यास सांगतो. पण ती मुलं बहुधा आई-बापांबरोबर जात असणार, आणि तेही मनापासून जाणारे असणार. स्वतःचा विश्वास नसताना मुलीला स्तोत्रांच्या वर्गात सोडून तुम्ही बाहेर गाडीत मोबाइल बघत बसणार असाल, तर त्याचा फायदा दाखवणारा एकही अभ्यास मला माहीत नाही. नऊ वर्षांची मुलं ढोंग लगेच ओळखतात. तिला आजीबरोबर बसू द्या. आजी तिला अभंग शिकवील, तुम्ही विचारल्यावर तुमचं मत सांगा.

आणि आईंना आधी डॉक्टरांकडे न्या. गप्प राहण्याबरोबर झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ‘आता पुरे झालं’ अशी भाषा येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. ते म्हातारपणाचं किंवा भजन बंद पडल्याचं दुःख समजून सोडून देऊ नका. त्यावर औषध आहे.

त्यानंतर मंडळ. मंगळवारी सगळ्याजणी खाली सतरंजीवर बसतात ना? माझ्या पाहण्यात असं अनेकदा आलंय की गुडघ्यांपायी बायका भजन सोडतात ते चालवत नाही म्हणून नाही. खाली बसवत नाही, आणि सगळ्या खाली असताना, समोर पोथी असताना, आपण एकटीनं खुर्चीवर कसं बसायचं, याचा संकोच वाटतो. आई हे तुम्हाला सांगणार नाहीत. मंडळातल्या एखाद्या मावशींना फोन करून विचारा, खुर्ची आणखी किती जणींना लागते. दोन-तीन तरी निघतील. मग एक मंगळवार तुमच्या घरी ठेवा, चार खुर्च्या आधीच भिंतीला लावून ठेवा, आणि त्यातल्या एकीवर आईंच्या वयाची दुसरी कुणीतरी आधी बसेल एवढं बघा.